पीळ आणि बाक : कठड्याच्या पट्ट्यांवरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

परसातील लाकडी ओट्याच्या कठड्याच्या दोन्ही आडव्या पट्ट्या मी बदलल्या, ही चांगल्या सागवानाची उधळपट्टी आहे आणि ओले गोणपाट गुंडाळून वर दगड ठेवले असते तर त्या आठ दिवसांत सरळ झाल्या असत्या, असे आपण लिहिले आहे. आपला पहिला आक्षेप मला निम्मा मान्य आहे. उपाय मात्र पटत नाही.

ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागला की लाकूड आकसते, आणि तेही सगळीकडे सारखे नाही : लांबीत जवळजवळ नाहीच, गाभ्याकडून सालीकडे थोडे आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते, आणि सप्टेंबरच्या पावसात तेच लाकूड पुन्हा फुगते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरलेली असताना गुण्या लावून बसवलेली माझी वरची पट्टी मेअखेर एका कोपऱ्याला बोटभर उचलली गेली, कारण लाकूड पुरते वाळलेले नव्हते आणि त्याच्या रेषा तिरप्या जातात हे मी घेताना पाहिलेच नाही. सुतार बिचारा 'महिनाभर सावलीत ठेवा' म्हणत होता, घाई माझी.

गोणपाटाने फळीची एक बाजू भिजून फुगते, म्हणून ती सरळ झाल्यासारखी दिसते. ओल उडाली की ती पूर्ववत होते. लाकडाला कायमचे वळण द्यायचे तर ओलाव्याबरोबर वाफेइतकी उष्णता लागते, आणि ती आपल्या उन्हातही मिळत नाही. शिवाय पीळ पडलेली पट्टी स्क्रूने दाबून बसवली, तर ताण सांध्यातच राहतो आणि आज ना उद्या लाकूड चिरते किंवा स्क्रू सुटतो. ज्या कठड्यावर घरातली म्हातारी माणसे भार टाकून उभी राहतात, तिथे हा धोका मी पत्करणार नाही. पीळ आहे की नुसता बाक, हे ओळखायला पट्टीच्या दोन टोकांवर दोन सरळ काठ्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहावे; काठ्यांच्या कडा समांतर दिसल्या नाहीत, तर पीळ आहे.

खालच्या पट्टीबाबत मात्र आपण बरोबर आहात. तिला फक्त बाक होता. शिकंज्याने खेचून प्रत्येक खांबाशी स्क्रूने आवळली असती, तर ती वर्षानुवर्षे टिकली असती, पण जोडीला जोड म्हणून मी तीही उतरवली.

फेकले मात्र काहीच नाही. सहा फुटांत बोटभर दिसणारा पीळ दीड फुटाच्या तुकड्यात रंध्याने निघून जातो, त्यामुळे वरच्या पट्टीचे पाट झाले. खालची अजून भिंतीशी टेकून उभी आहे. चारही अंगांना आणि सर्वांत जास्त पाणी पिणाऱ्या दोन्ही टोकांना नीट तेल देऊन, पाऊस सुरू होण्याआधी तीच परत चढवतो.