गार पाण्याने शिरा फुटत नाहीत: सरत्या उन्हाळ्याच्या त्या मेसेजबद्दल

परवा रात्री आत्याला फोन केला, तर तिचा आवाज खोल गेलेला, शब्द ओढून आणल्यासारखे. "अगं, दिवसभर अंगात त्राणच नाही," म्हणाली. पाणी किती प्यायलीस, असं विचारलं. "दोन पेले, कोमट. गार पाणी बंद केलंय मी. अंघोळही पहाटेच, कडकडीत पाण्याने." का गं? "तू मेसेज बघितला नाहीस? डॉक्टरांनीच सांगितलंय."

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटी राहते. मी त्याच रात्री तिच्याकडे गेले. रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि तिच्या खोलीत ३४ अंश होते. खिडक्या घट्ट बंद, पंखा फुल्लवर, पलंगाच्या तीन बाजूंना पाण्याने भरलेली भांडी.

तो मेसेज मलाही चार ग्रुपवरून आला होता आणि चारही वेळा मी न वाचता पुढे गेले होते. या वेळी शेवटपर्यंत वाचला. 'फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी सरत्या उन्हाळ्याच्या अकरा टिप्स आणि रंजक माहिती' असं त्याचं नाव. ज्या डॉक्टरांचा हवाला दिलाय त्यांचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. अकरापैकी दोन-तीन गोष्टी बऱ्या आहेत, काही निरुपद्रवी आहेत, आणि काही माणसाचा जीव घेऊ शकतात. आत्या नेमक्या त्याच पाळत होती.

सगळ्यात आधी तिसरा मुद्दा. 'उन्हातून आल्यावर किंवा घरात फार उकडत असताना गार पाणी पिऊ नये, हातपाय धुऊ नयेत, अर्धा तास थांबावं, फक्त कोमट पाणी घोट घोट घ्यावं. नाहीतर बारीक रक्तवाहिन्या फुटतात.' खाली एका माणसाची गोष्ट आहे: पायावर गार पाणी घेतलं आणि तिथेच कोसळला.

गार पाणी लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. फुटत नाहीत. प्यायलेलं पाणी तर तोंडातून पोटात जाईपर्यंतच कोमट व्हायला लागतं. मैदानात धावताना उष्माघात झालेल्या खेळाडूवर पहिला उपाय काय करतात, तर त्याला बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात गळ्यापर्यंत बसवतात. शरीराचं तापमान सर्वांत लवकर उतरवणारा उपाय म्हणून तो मान्य झालेला आहे. रक्तवाहिन्या फुटायच्याच असत्या तर सगळ्यात आधी तिथे फुटल्या असत्या.

यात अर्धं खरं जे आहे ते मान्य करते, कारण त्याच्या आधारावरच हा मेसेज इतका फिरतो. अतिशय थंड पाण्यात एकदम उडी घेतली तर श्वास अडकल्यासारखा होतो, नाडी आणि रक्तदाब झटकन वाढतात. हृदयविकार असलेल्याने ते टाळावंच. काहींना बर्फाचं पाणी भरभर प्यायल्यावर क्षणभर कपाळात कळ येते. पण नळाच्या पाण्याने अंघोळ करणं किंवा माठातलं पाणी पिणं म्हणजे बर्फाच्या तळ्यात उडी मारणं नव्हे. आणि 'एकदम बर्फाच्या पाण्यात शिरू नका' यावरून 'अर्धा तास पाण्याला हात लावू नका' इथे जो कुणी पोचला, त्याने लोकांना ज्या अर्ध्या तासात वाचता आलं असतं तोच अर्धा तास काढून घेतलाय.

उष्माघातात शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं. माणूस असंबद्ध बोलायला लागतो, झोक जातो, शुद्ध हरपते. तिथे हिशेब मिनिटांचा असतो. रुग्णवाहिका बोलवायची, माणसाला सावलीत आणायचं, जास्तीचे कपडे काढायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा, मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. मेसेजमधला नववा मुद्दा याच्याही पुढे जातो: 'अंग तापलं तर तापाची गोळी घेऊन पडून राहावं.' तापाची गोळी संसर्गाच्या तापावर चालते, कारण त्या वेळी मेंदूनेच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवलेलं असतं. उष्माघातात उष्णता बाहेर पडू न शकल्यामुळे साठलेली असते, गोळीने ती उतरत नाही. गोळी घेऊन पडून राहिलेला माणूस उठेलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं उष्णतेबद्दलचं माहितीपत्रक कुणालाही वाचायला खुलं आहे. मेसेजमधल्या निम्म्या गोष्टींचं उत्तर त्या एका पत्रकात आहे. गार पाण्याने अंघोळ करा, अंग ओल्या फडक्याने पुसा, तासाला किमान एक पेला आणि दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी प्या, असं त्यात सरळ लिहिलंय. (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर त्यांना विचारून.) घरातलं तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा, असंही आहे. आत्याच्या खोलीत रात्री ३४ होते. वय वाढतं तशी तहान कमी लागते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला 'तहान लागली तरच कोमट पाणी' सांगणं म्हणजे त्याला दिवसभर कोरडं ठेवणं.

आता पाचवा मुद्दा. 'खिडक्या-पडदे चोवीस तास बंद ठेवून पंखा पूर्ण वेगात लावा, पंखा हवा गार करतो, मग कितीही ऊन असू दे.' पंखा हवा गार करत नाही. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच टाकते. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. हवा कातडीपेक्षा जास्त तापलेली असली की तोच वारा अंगात उष्णता ढकलायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने रेघ ४० अंशांवर ओढली आहे: त्याखाली पंखा वापरा, त्यावर पंखा शरीर तापवतो. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, म्हणून त्याने ४० ची वाट न बघता त्याआधीच सावध व्हावं. पंखा चालू असला तरी अंग ओलं हवं.

खिडक्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. दिवसा बाहेर आतल्यापेक्षा जास्त तापलेलं असतं तेव्हा खिडक्या बंद आणि काचा झाकलेल्या असाव्यात. शक्य असेल तर काचेच्या बाहेरून झाका, कारण ऊन काचेतून आत आलं की पडद्यापाशी पोचलेली उष्णता खोलीतच राहते. पण रात्री बाहेरची हवा उतरल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडायलाच हव्यात. 'चोवीस तास' हे दोन शब्द तिथे नसते तर मी या मुद्द्याला हात लावला नसता.

वरच्या मजल्यावर हे आणखी गंभीर होतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडतो. बाहेर वारा सुटलेला असतो आणि छत मात्र तापलेलंच असतं. रात्री उष्णता बाहेर गेली नाही तर दुसऱ्या दिवशीची तिच्यावर चढते. १९९५ च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या अभ्यासात धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये एकटं राहणं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणं या दोन्ही निघाल्या. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ च्या लाटेत ६१९ माणसं दगावली. त्यातली ९८ टक्के घराच्या आत होती, दोनतृतीयांश सत्तरी गाठलेली किंवा ओलांडलेली, निम्म्याहून जास्त एकटी राहणारी. 'घरात आहोत, उन्हात कुठे जातोय' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा वाचून दाखवणार आहे.

'उन्हाळा सरत आला की शरीर सरावलेलं असतं, काळजी नको,' असा पहिलाच मुद्दा आहे. शरीर सरावतं हे खरं. आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा भाग वाढतो. पण हे होतं रोज उन्हात हिंडणाऱ्या, काम करणाऱ्या माणसाचं. दिवसभर खोलीत बसलेल्या किंवा एसीत राहिलेल्या माणसाचा सराव होतच नाही, झालेला असला तरी काही आठवड्यांत उतरतो, आणि म्हातारपणी तो मुळातच कमी होतो. शिवाय तोवर घराच्या भिंती महिनोन्महिने तापलेल्या असतात. युरोपात २००३ साली सत्तर हजारांहून जास्त जादा मृत्यू झाले, त्यातले सर्वाधिक ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथला उन्हाळा उताराला लागलेला असताना.

बाकीचं भराभर सांगते.

'फ्रिजचं दार उघडं ठेवा, फुकटचा एसी.' फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो, आणि त्यासाठी ओढलेली वीजही शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरते. दार उघडं ठेवलं की कॉम्प्रेसर थांबत नाही, खोली आधीपेक्षा जास्त तापते आणि आतलं अन्न नासतं. हे लिहिणाऱ्याने एकदा फ्रिजच्या मागे हात लावून बघायला हवा होता.

'पंख्यापुढे एक किलो बर्फ ठेवला की रात्रभर गारवा.' एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक टनाचा एसी तेवढी उष्णता सुमारे दीड मिनिटात बाहेर काढतो. आणि तो बर्फ घरच्याच फ्रिजमध्ये केलेला असेल तर तो गोठवताना त्याहून जास्त उष्णता घरातच सुटलेली असते. बर्फ असेलच तर फडक्यात गुंडाळून मानेवर ठेवा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

रंजक माहितीत लिहिलंय की एक टनाचा एसी तासाला एक टन हवा गार करतो. तो टन बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी काढण्याची क्षमता. पहिला आधुनिक एसी माणसांसाठी नसून छापखान्यातल्या कागदासाठी होता, ही माहिती मात्र खरी आहे. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ती यंत्रणा आखली, दमट हवेने कागद फुगायचा म्हणून.

'एसी १८ वर लावला की खोली लवकर गार होते.' साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असतो किंवा बंद. १८ वर लावा किंवा २६ वर, तो सारख्याच जोराने चालतो, फक्त थांबतो उशिरा. इन्व्हर्टर एसी वेग बदलतो, पण खोली ३४ वर असताना तोही २६ साठी पूर्ण जोर लावतोच. त्याच माहितीपत्रकात २७ अंशांवर एसी आणि सोबत पंखा असं सुचवलंय: खोली ४ अंशांनी गार वाटते, आणि गारव्यासाठी लागणाऱ्या विजेचा खर्च ७० टक्क्यांपर्यंत वाचू शकतो.

'नासाने सिद्ध केलंय, दोन कुंड्या म्हणजे एक एसी.' नासाचा १९८९ चा तो अभ्यास छोट्या बंद पेट्यांमधला होता, आणि हवेतली काही रसायनं कमी होतात का, एवढंच त्यात पाहिलं होतं. तापमानाचा प्रश्न त्यात नव्हता. रसायनांच्या बाबतीतही, नेहमीच्या खेळत्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असा हिशेब पुढे मांडला गेला. बाल्कनीत दाट वेल असेल तर सावली मिळते. तेवढ्यासाठी जरूर लावा.

राहिली ती पाण्याची भांडी. 'खोलीत चार ठिकाणी पाणी भरून ठेवा, हवा गार होते.' कोरड्या हवेत, खिडकी उघडी असताना, ओल्या पडद्याने थोडा गारवा येतो हे मान्य. बंद खोलीत मात्र ती वाफ आतच कोंडते, हवा दमट होते आणि अंगावरचा घाम वाळेनासा होतो. म्हणजे खिडक्यांचा मुद्दा आणि भांड्यांचा मुद्दा एकत्र पाळला की पंख्याचा जो काही उपयोग होता तोही गेला. आत्याने तिन्ही पाळले होते.

त्या रात्री आधी खिडक्या उघडल्या, दोन्हीकडच्या. तिला नळाच्या पाण्याने अंघोळ करायला लावली. ती घाबरत होती, न्हाणीच्या दाराशी थांबून दोनदा म्हणाली, "काही होणार नाही ना गं?" मी दाराबाहेर उभी राहिले. मग ओलं फडकं मानेवर, पंख्याखाली बसून अर्ध्या-अर्ध्या पेल्याने माठातलं पाणी. बाराच्या सुमारास तिचा आवाज नेहमीसारखा झाला.

भांडी मी शेवटी उचलली. आठ दिवस त्यात पाणी तसंच होतं, वरून भर घातलेली. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती सुकली तरी काही महिने टिकतात, आणि उबेत अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, भांडं घासावं लागतं. तिसऱ्या भांड्याच्या आत, रेघेच्या वर, बारीक काळे ठिपके चिकटलेले होते.