बायोबँक: तुकड्यापेक्षा करार बघा

ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटच्या नातेवाइकांपुढे सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा येतो. त्यात कुठेतरी 'काढलेली ऊती संशोधनासाठी वापरण्यास हरकत नाही' अशी एक ओळ असते. बायोबँकेचा, म्हणजे असे नमुने संशोधनासाठी गोठवून साठवणाऱ्या केंद्राचा, अख्खा व्यवहार या ओळीवर चालवणं मला साफ नामंजूर आहे.

पण 'हॉस्पिटल आमची गाठ विकतं' ही ओरडही भलत्याच जागी आहे. निदानाला लागेल तेवढा भाग पॅथॉलॉजिस्ट आधी घेतो. उरलेल्यातला छोटा तुकडा क्रायोव्हायलमध्ये (अतिथंडीत टिकणारी छोटी कुपी) घालून लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवायचा, शक्यतो अर्ध्या तासात. ट्रे ओटीतच पडून राहिला तर आरएनए, म्हणजे कुठली जनुकं काम करत होती हे सांगणारा पेशीतला नाजूक रेणू, तुटायला लागतं. मग उणे 80 अंशांत कितीही वर्षं ठेवा, उपयोग नाही. शिवाय जनरेटर, रिकामा राखलेला जादा फ्रीजर, रात्री अलार्म वाजला की धावणारा माणूस. 2023 च्या नाताळात स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये टाक्यांचा नायट्रोजन पुरवठा तुटला आणि वर्षानुवर्षं जमवलेले ल्युकेमियाचे (रक्ताच्या कॅन्सरचे) नमुने वाया गेले. एवढा खर्च आहे म्हटल्यावर नमुने वापरणाऱ्या कंपनीकडून हाताळणीचे पैसे घेण्यात गैर काही नाही.

खरी किंमत असते ती नमुन्याला जोडलेल्या नोंदीला. केमो कुठली, किती सायकल झाल्या, आजार कधी उलटला, पेशंट आज हयात आहे का. आणि गडबड होते ती ही नोंद एकाच कंपनीच्या हाती गेली की. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलने सुमारे 2.5 कोटी पॅथॉलॉजी स्लाइड्स वापरण्याचा एकाधिकार पेज एआय या कंपनीला दिला होता. त्या कंपनीत हॉस्पिटलमधल्याच काही वरिष्ठांचा हिस्सा होता. 2018 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा तिथल्याच पॅथॉलॉजिस्टांनी आवाज उठवला.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुना पेशंटचा, हॉस्पिटल फक्त विश्वस्त. संमती मागे घेता येते. कागदावर उत्तम! मग फॉर्मही तसा हवा: ऑपरेशनच्या संमतीपासून वेगळा, मराठीत, ओपीडीतच समजावून दिलेला. फक्त हाच अभ्यास, पुढचं संशोधन, खासगी कंपनी, परदेशी पाठवणं, प्रत्येकाला वेगळी हो-नाहीची चौकट. ओळख पुसून वापरून झालेला नमुना परत काढता येत नाही, हेही त्यातच लिहावं.

पेशंटला नफ्यात टक्का द्या, ही मागणी ऐकायला छान आहे. पण एखादी चाचणी हजारो नमुन्यांतून उभी राहते, त्यात वाटा कोणाचा किती ठरवणार? त्यापेक्षा हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीने (संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने) कंपनीशी होणाऱ्या करारात दोन कलमं घालून घ्यावीत: एकाधिकार नाही, आणि या नमुन्यांतून निघालेली चाचणी त्याच हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डला ठरलेल्या सवलतीच्या दरात.