एकादशी आणि आईस्क्रीमची फॅक्टरी

चूक माझीच. गुरुवारी रात्री सासूबाई म्हणाल्या, शनिवारी एकादशी आहे गं माझी, आणि सुनांना अधूनमधून येतो तसा उत्साहाचा झटका येऊन मी म्हणून गेले, "मग मी पण करते आई तुमच्याबरोबर." त्याच शनिवारी आम्ही सगळे अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्यात बेन अँड जेरीज या आईस्क्रीम कंपनीची फॅक्टरी बघायला जाणार होतो, तिकिटं काढून झालेली, हे डोक्यातच नाही! मग म्हटलं जाऊदे, आईस्क्रीम म्हणजे दूधच की, उपासाला चालतं. (हे लक्षात ठेवा.)

न्यू जर्सीतलं आमचं एडिसन ते फॅक्टरीचं गाव वॉटरबरी, तीनशेच्या वर मैल. गूगल म्हणतं साडेपाच तास, पण गूगलच्या गाडीत सासूबाई, सहा वर्षांचा मुलगा आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा नसतो. कनेटिकटमध्ये नवऱ्याने कचकन ब्रेक मारला आणि अर्धी खिचडी मुलाच्या कार सीटच्या बकलमध्ये गेली, तो साबुदाणा अजून निघतोय. व्हरमाँट लागल्यावर मात्र सगळे गप्प झाले. डोंगर, लाल व्हायला लागलेली झाडं, आणि रस्त्याकडेला एकही होर्डिंग नाही, कारण तिथे 1968 मध्येच कायदा करून त्यांना बंदी घातलीय. सासूबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "इथे कोणाचे वाढदिवस नसतात का रे?"

दोनची टूर, आम्ही पोचलो पावणेतीनला. नवऱ्याने काउंटरवर काय गयावया केली माहीत नाही पण पुढच्या बॅचमध्ये घुसलो एकदाचे. आधी फिल्म दाखवतात, मग वरून काचेतून खालची मशीनं. मी कानात कुजबुजत सासूबाईंना मराठीत सांगत होते. की बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड या दोन मित्रांनी पाच डॉलरचा पोस्टल कोर्स करून 1978 मध्ये बर्लिंग्टनला एका जुन्या पेट्रोल पंपात दुकान काढलं, आणि बेनला वासच येत नाही म्हणून चव दाताखाली कळावी असे मोठमोठे तुकडे टाकायला लागले. "सर्दीत मलाही चव लागत नाही, म्हणून मी काय शिऱ्यात बिस्किटं टाकते?" इति सासूबाई. इथल्या कामगारांना रोज तीन पाइंट आईस्क्रीम फुकट घरी नेता येतं म्हटल्यावर तर हातच कपाळाला. "रोज? आणि शुगर कोण मोजतं?"

पण सुरुवातीला तिथेही बर्फ आणि खडेमिठाचंच यंत्र होतं हे ऐकल्यावर बाई एकदम खुलल्या. "अगं म्हणजे आपलं पॉटच की!" मग माहेरचं अंगण, पॉट फिरवायला पोरांचे नंबर, मीठ आत गेलं म्हणून मामाने खाल्लेला मार, सगळं त्या गाइड पोरीला अस्खलित मराठीत. ती पण गोड, मान डोलवत होती. शेवटी सँपलच्या वाट्या आल्या, चमचा ओठापर्यंत गेला, आणि तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, "अंडं नाही ना गं यात?"

मी गाइडला विचारलं. पोरगी हसतमुखाने म्हणाली, आहे ना, बलक असतो!

वाटी दोन बोटांनी नातवाकडे सरकली. मग माझीही सरकली, करते काय. चिरंजीवांनी चारही वाट्या संपवल्या.

फॅक्टरीच्या मागे टेकाडावर बंद पडलेल्या फ्लेवर्सचं कब्रस्तान आहे, खरंच, दगड बिगड लावून, प्रत्येकावर चार ओळींची कविता. टर्टल सूप, फॉसिल फ्यूएल, वेवी ग्रेव्ही असे एकेक दिवंगत. सासूबाई फाटकापाशीच थबकल्या. "कोण गेलं?" म्हटलं, फ्लेवर. त्यांनी बूट काढून हात जोडले. "पितृपक्ष आहे, हात जोडायला काय जातंय. पान वाढतं का कोणी यांना?"

त्या शेंगदाण्याचा लाडू काढून बाकावर बसल्या आणि मी बाथरूमला जाते सांगून सटकले. खरं सांगते, नऊ तास गाडीत आणि पोटात चार चमचे खिचडी, माणसाने किती सहन करायचं? कोन घेतला, चॉकलेटचा, दोन स्कूपचा, आणि शुगर प्लमच्या थडग्यामागे उकिडवी बसून खाल्ला. आयुष्यात इतकं भराभर काही खाल्लं नव्हतं, कपाळात कळ गेली. डोळे उघडले तर समोर काठापदराची साडी आणि स्पोर्ट्स शूज.

"हनुवटी पूस," एवढंच म्हणाल्या.

रात्री हॉटेलात पुण्याच्या मावशींचा व्हिडिओ कॉल. आईस्क्रीमच्या फॅक्टरीत गेलो होतो म्हटल्यावर मावशींनी विचारलंच, "मग खाल्लंस काय?"

"शेंगदाण्याचा लाडू." मग माझ्याकडे न बघता, "हिने पण."