कोतवाली दिली कोणी?

निवडणूक आली की मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, 'आजचा घाशीराम कोण?' मग नावांवरून भांडणं. बर्लिनमध्ये बसून ती वाचताना जीव तुटतो, कारण तेंडुलकरांचं नाटक तिथेच हातातून निसटतं. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये कोतवाली पेशव्यांचा कारभारी नाना फडणवीस देतो, घाशीरामाच्या मुलीच्या बदल्यात. जुलूम घाशीराम करतो. लोक खवळले की नाना त्यालाच जमावाच्या हवाली करतो आणि स्वतः सुरक्षित राहतो. म्हणजे शोधायचा तो नाना.

जर्मन नाटककार ब्रेख्तनं १९४१ मध्ये फिनलंडमध्ये आश्रयाला असताना 'आर्तुरो उई' हे नाटक लिहिलं. शिकागोचा गुंड उई म्हणजे उघडउघड हिटलर. पण त्याची वाट मोकळी होते ती फ्लॉवरच्या भाजीच्या बड्या व्यापाऱ्यांमुळे आणि डॉग्सबरो या प्रतिष्ठित म्हाताऱ्यामुळे. हा डॉग्सबरो आधीच व्यापाऱ्यांच्या उपकाराखाली दबलेला. बर्लिनर आन्सांबल या इथल्या नाट्यसंस्थेत दिग्दर्शक हाइनर म्युलरनं १९९५ साली बसवलेला याचा प्रयोग वर्षानुवर्षं चालला. तरी इथेही चर्चा रंगते ती उईचीच. व्यापारी मागे राहतात.

एका बाबतीत मात्र मला जर्मनीचा हेवा वाटतो. १९४९च्या इथल्या घटनेत स्वच्छ लिहिलंय की सेन्सॉरशिप होणार नाही. महाराष्ट्रात आजही प्रयोगाआधी संहिता मंजुरीसाठी सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. राजकीय नाटक लिहिणाऱ्याचा हात तिथेच अडखळतो, ही अट जायलाच हवी.

अर्थात हे स्वातंत्र्य साऱ्या जर्मनीला तेव्हाच मिळालं असं नाही. ती घटना तेव्हा फक्त पश्चिम जर्मनीची होती. १९५३ साली कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व बर्लिनमध्ये कामगारांचा उठाव चिरडला गेला. ब्रेख्तनं त्यावर कविता लिहिली: जनतेनं सरकारचा विश्वास गमावला असेल, तर सरकारनं जनता बरखास्त करून दुसरी निवडणं सोपं नाही का? १९५६ मध्ये तो गेला, तोवर ती छापली गेली नाही. १९५९ साली ती पश्चिम जर्मनीतल्या एका वृत्तपत्रात आली.

निकालानंतर त्याच ग्रुपवर हरलेल्या बाजूचे लोक लिहितात, 'मतदारच विकाऊ, लोकांची लायकीच नाही.' यात माझ्या विचारांचेही लोक असतात. ब्रेख्तनं सत्ताधाऱ्यांना विचारलेला प्रश्न तेव्हा मी त्यांच्यासमोर ठेवते: मग जनता कुठून आणायची? आणि गावागावांत कोतवाल्या वाटणाऱ्यांबद्दल पाच वर्षं आपण किती बोललो?