रॅम काय केळी आहे का, नंतर वाढायला?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जून लागला तरी पावसाचा पत्ता नाही, भुसावळात भिंती अजून तापलेल्या आहेत आणि माझ्यासमोर टेबलावर भाच्याचा नवाकोरा लॅपटॉप उताणा पडलाय. मागचे दहा स्क्रू वाटीत काढून ठेवलेत. मोबाइलचा टॉर्च मारून तीनदा बघितलं. रॅम म्हणजे चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी, ती बसवायचा स्लॉट नाही. स्लॉट आहे पण भरलेला आहे, असंही नाही. स्लॉटच नाही! आठ जीबीच्या चिपा थेट मदरबोर्डला सोल्डर केल्यात. सोनाराने डाख लावावा तशा.

आणि दुकानातला तो पोरगा आठवड्यापूर्वी दाजींना म्हणाला होता, "आत्ता आठ घ्या काका, पुढच्या वर्षी सोळा करून देऊ. रॅम काय, नंतर वाढते."

नंतर वाढते! काय केळीची बाग आहे का ती? खत टाकलं, ठिबक सोडलं की वाढली?

दाजी यावल तालुक्यातले. केळीचे पैसे आले, तसे पोराला घेऊन थेट जळगावला गेले आणि ५२ हजार मोजून आले. मला फोन आला तेव्हा पिशवी हातात होती. मी विचारलं, आधी का नाही विचारलं? तर म्हणे, "ऑफर संध्याकायपर्यंतच होती ना भो. अन् मले काय कयते त्यातलं?" बरं, हाच माणूस भरताची वांगी घ्यायला बामणोदला जातो तेव्हा एकेक वांगं तळहातावर झेलून बघतो. हलकं लागलं तरच पिशवीत, जड लागलं की बिया जास्त म्हणून परत टोपलीत. बैल घेताना दात मोजतो, चालवून बघतो, मालकाच्या शेजाऱ्याला गुपचूप विचारून येतो. सोनं घ्यायचं तर हॉलमार्क बघितल्याशिवाय बहिणीला खुर्चीवरून उठू देत नाही. आणि ५२ हजारांचं यंत्र घेताना याने काय बघितलं? बॅग फुकट आहे का, ते.

पण मला दाजींचा राग येत नाहीये. वांग्याचं वजन हाताला कळतं, बैलाचे दात डोळ्यांना दिसतात. लॅपटॉपचे दात कुठे मोजायचे? ते मोजताच येऊ नयेत म्हणून तर त्यांची नावं तशी ठेवलेली असतात, आणि खरा संताप त्याचा आहे.

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "आय-५ आहे सर." आय-५ म्हणजे इंटेल कंपनीची प्रोसेसर चिप, लॅपटॉपचा मेंदू. अरे, पण कुठला आय-५? आय-५ १२३५यू आणि आय-५ १२४५०एच, दोन्ही बाराव्या पिढीचे, दोन्हीच्या डब्यावर ठळक अक्षरात आय-५. पहिल्यात दहा कोअर, म्हणजे चिपमधले काम ओढणारे भाग, दुसऱ्यात आठ. आता साधा माणूस म्हणणार, दहावाला दमदार! हेच मी दाजींना बैलांत सांगितलं तेव्हा त्यांना एका मिनिटात समजलं. दहावाल्यात दोन बैल, म्हणजे दमदार कोअर, आणि आठ गोऱ्हे, म्हणजे हलके कोअर. आठवाल्यात चार बैल आणि चार गोऱ्हे. वखर जड असेल तर कोणती दावण नेणार? शिवाय यूवाल्याचा मूळ खुराक १५ वॅटचा, एचवाल्याचा ४५ वॅटचा. म्हणजे एच कामाला वाघ, पण बॅटरीही त्याच वेगाने खातो. हा सगळा फरक कशावर? शेवटच्या एका अक्षरावर. आणि ते अक्षर दुकानातल्या किमतीच्या पाटीवर छापतच नाहीत! आय-३ एन३०५ म्हणून एक चिप आहे, तिच्यात आठ कोअर आहेत आणि आठच्या आठ गोऱ्हे. टायपिंग, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म यांना उत्तम, त्यात वावगं काही नाही. पण "आठ कोअर आहे सर" असं म्हणून ती इंजिनिअरिंगच्या पोराच्या गळ्यात मारू नका ना!

बरं, एवढं पाठ करून होतं न होतं तोच २०२३ मध्ये इंटेलने नव्या नावांतून "आय"च काढून टाकला. आता कोअर ५ वेगळा, कोअर अल्ट्रा ५ वेगळा. करा पुन्हा पाठ.

चिपा बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, एएमडीकडे तरी सुख असेल म्हणावं, तर तिथे अजून मज्जा. रायझेन ५ ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू. तिन्ही रायझेन ५, तिन्ही ७००० मालिकेतले. ऐकणाऱ्याला वाटतं सख्खे भाऊ, वर्षा-वर्षाच्या अंतराचे. प्रत्यक्षात पिढी कळते ती तिसऱ्या आकड्यावरून. २ असेल तर आतली रचना झेन २, जी २०१९ मध्ये आली. ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. पहिला आकडा फक्त विकायला कधी काढलं ते सांगतो. म्हणजे जुन्या इंजिनावर नवी नंबरप्लेट. आणि त्या ७५२०यूसोबत चालणारी रॅम ही सोल्डर होऊनच येते, ती कोणाचा बाप आला तरी वाढत नाही. हे गुपित नाही, माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. पण बारीक अक्षरात, इंग्रजीत, वेबसाइटवर, चार क्लिक आत. केळी विकून आलेल्या माणसाने ते कधी वाचायचं? कोणी वाचून दाखवायचं?

आज दुपारी दाजींना घेऊन मी त्या दुकानात गेलो. बाहेर उन्हाचा तडाखा, आत एसी गारेगार. पोरगा तोच.

म्हटलं, "रॅम सोळा करायची."

"करून देऊ ना सर, टेन्शन नका घेऊ." लॅपटॉप आत घेऊन गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला. "सर, ह्या मॉडेलला नाही होत."

"तुम्हीच म्हणाला होतात होते."

"ते दुसऱ्या मॉडेलला म्हटलो होतो सर."

"मग हा परत घ्या."

"बॉक्स उघडलाय ना सर."

आता बॉक्स न उघडता रॅम कशी बघायची, हे त्याने सांगावं. नारळ आहे का, बाहेरून हलवून बघायला? मी आवाज चढवला तसा मालक आला, पाणी विचारलं, आणि म्हणाला, "माऊस घेऊन जा साहेब, वायरलेस, आपल्याकडून." दाजी लगेच माऊस बघायला लागले. तिथेच माझं डोकं सटकलं. दाजी काही म्हणोत, आतून माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप येणार नव्हती, म्हणून घरी येऊन हे झाकण उघडलं. वॉरंटीचं काय व्हायचं ते होवो.

बरं, भाच्याला हवं काय होतं? पुढच्या वर्षी प्रोजेक्ट आहे, मोबाइलचं ॲप करायचंय. ॲप लिहायचा अँड्रॉइड स्टुडिओ, त्यात एम्युलेटर म्हणजे पडद्यावर चालणारा नकली मोबाइल, शेजारी ब्राउझरमध्ये पंधरा टॅब. आठ जीबीत हे एकत्र चालवून बघा, चहा होईपर्यंत स्क्रीन गोठलेली राहते. म्हणजे पहिला प्रश्न हाच, "बाळा, तू यावर काय करणार?" पूर्ण दुकानात, पूर्ण तासाभरात, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. बजेट किती, हप्ता करायचा का, एवढंच. तो "नो कॉस्ट" हप्ता तरी कुठे फुकट? व्याज सवलतीत वळतं करतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते.

आणि आपल्याकडच्या उन्हाचं कोणी बोलेल तर शपथ. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, वापरायचं तापमान ३५ अंशांपर्यंत. ३५! आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. त्यात लाइट गेली, पंखा बंद, पोरगं पत्र्याच्या खोलीत, लॅपटॉप गादीवर. खालची हवा कोंडली की यंत्र स्वतःला वाचवायला वेग उतरवतं, आणि बॅटरीचं आयुष्य उन्हात तसंही लवकर सरतं. पडद्याचीही तीच गत. निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप. २५० निट्सचा पडदा दुकानाच्या एसीत झकास दिसतो, ओट्यावर बसलं की त्यात फक्त आपलं तोंड दिसतं. खानदेशात विकताय, तर पंखा कसा आहे, जाळी कुठे आहे, पडदा किती उजेडाचा आहे, हे पाटीवर लिहा की!

व्हिडिओवाल्यांबद्दल काय बोलू? "पचास हजार में बेस्ट लॅपटॉप", आणि खाली खरेदीच्या लिंका. लिंकवरून घेतलं की त्यांना कमिशन. दर महिन्याला बेस्ट बदलतो.

सेकंडहँडवाले तर अजून पोहोचलेले. "आय-७ आहे साहेब, २० हजारात." बघावं तर सहाव्या पिढीचा, २०१५ चा. विंडोज १०ची नेहमीची मदत, म्हणजे कंपनीकडून येणारे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्याला हे सांगितलं तर म्हणतो, "चालतं सर, आम्ही टाकून देतो ना." टाकून देतो म्हणजे पळवाटेने. पुढे अपडेट अडलं की हा फोन उचलणार?

इथे थांबून स्क्रू मोजले. नऊ आहेत. दहावा बहुतेक सोफ्याखाली गेला.

मघाशी ताईचा फोन आला, "झाली का रे मोठी, ती रॅम?" तिला काय सांगू? म्हटलं, बघतोय. भाचा बिचारा काही बोलत नाही. मित्राकडे सोळा जीबीवाला आहे म्हणे, प्रोजेक्ट त्याच्या खोलीवर जाऊन करू.

फुकटची बॅग मात्र दणकट निघाली. दाजींनी ती कालच ठिबकच्या अनुदानाच्या कागदांना घेतली. सात-बारा, पासबुक, आधारच्या झेरॉक्स, सगळं व्यवस्थित मावतं म्हणे.