‘दुःखाला मेकअप’ म्हणणाऱ्या वाचकास

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकमित्रा,

क्राउडफंडिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे जमवण्याच्या, आवाहनांची भाषा कशी असावी यावरच्या माझ्या लेखावर आपण चार आक्षेप घेतलेत. एक आकडा चुकलाय. अमेरिकेतला अभ्यास इथल्या आजारपणाला लावलाय. संकेतस्थळं किती पैसे कापतात त्यावर मी गप्प आहे. आणि चौथा, ‘गरिबाला दुःखाचा मेकअप शिकवणं हा निर्लज्जपणा आहे.’

आकड्याचं मान्य. तनुश्री मित्रा आणि एरिक गिल्बर्ट या संशोधकांचा 2014 चा अभ्यास किकस्टार्टरवरच्या, म्हणजे नव्या वस्तू-कल्पनांसाठी पैसे जमवणाऱ्या अमेरिकी संकेतस्थळावरच्या, 45 हजार प्रकल्पांचा होता, माझ्या हातून 45 लाख पडले. दुरुस्त केलंय. त्याने मुद्दा हलत नाही. पैसे न जमलेल्या प्रकल्पांकडे बोट दाखवणाऱ्या शब्दांत ‘एक डॉलरसुद्धा’ अशी अजिजी होती. यशस्वी ठरलेल्यांच्या शब्दांत देणाऱ्याला काय मिळेल हे होतं.

आता ‘निर्लज्जपणा’. आपण आयुष्यात एक तरी आवाहन लिहिलंय का? मी लिहिलंय. 2019 च्या पावसाळ्यात माझ्या चुलतभावाला बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितलं. एस्टिमेट साडेअठरा लाखांचं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी मोबाइलवर लिहिलं, ‘आमची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून दानशूर व्यक्तींनी फूल ना फुलाची पाकळी द्यावी.’ तीन दिवसांत आले ते नातेवाइकांचेच पैसे.

वहिनीनं ते वाचलं आणि एवढंच विचारलं, ‘भाऊजी, यात हे कुठेत?’

मग ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. पहाटे साडेपाचला स्टेशनबाहेरच्या रांगेत पहिली रिक्षा दादाची असते. शाळेची मुलं सोडतो, त्यातल्या एका मुलीचे वडील गेल्यापासून तिचे पैसे घेत नाही. सोमवारपर्यंत अडीच लाख भरायचेत, पावती इथेच टाकू. आणि टाकली. एक अक्षर खोटं नव्हतं. त्याच रात्री नांदेडच्या कोणा अनोळखी बाईंचे पाचशे आले.

याला तुम्ही मेकअप म्हणता? मेकअप माझ्या पहिल्या मजकुराला होता. ‘हलाखी’, ‘दानशूर’ हे सगळं पत्रकांतून उचललेलं, कुणाच्याही नावावर खपलं असतं. आजारी माणसाच्या बायकोनं अनोळखी लोकांपुढे पदर पसरला तर तुम्हाला चालतं, आणि आपल्या नवऱ्याबद्दल चार सरळ वाक्यं सांगितली की ती निर्लज्ज! घरात बसून बोटं चालवायला काय लागतं? वहिनीनं तुमची प्रतिक्रिया वाचली नाही, हे बरं झालं.

राहिलेल्या मुद्द्यांचं थोडक्यात. एखादं यंत्र बाजारात आणायला मागितलेले पैसे आणि जीव वाचवायला मागितलेले पैसे यांत फरक आहे हे मलाही कळतं. लेखात तसं वाक्य आहे, नीट वाचलंत तर सापडेल. कमिशनचा विषय वेगळा, तो इथे काढणार नाही.

शेवटी आपण लिहिलंय, ‘लोकांना शहाणपण शिकवू नका.’ 2019 पासून मी लोकांचे मजकूर एक पैसा न घेता तपासून देतोय. परवाच साताऱ्याहून एका वडिलांचा आला, मुलीच्या कानाच्या ऑपरेशनसाठी. पहिलीच ओळ होती, ‘निदान एक रुपया तरी द्या.’ ती मी काढायला लावली आणि त्यांना विचारलं, मुलीला काय आवडतं ते सांगा.