समुद्रावरचे मावसभाऊ

गेल्या शनिवारपासून मी माझ्या जोडीदाराचा मावसभाऊ आहे. माझ्या आईला बहीण नाही, आणि त्याच्या आईने माझ्या आईला प्रथम पाहिले ते आम्ही दोघे एका घरात राहू लागल्यानंतर. तरीही ठाण्यातल्या एका पर्यटन कंपनीच्या संगणकात आता आमचे हे नाते नोंदवले गेले आहे आणि ते बदलायचे असल्यास दुरुस्तीचे शुल्क पडेल, असे आम्हाला नम्रपणे कळवण्यात आले आहे.

आम्हाला फक्त क्रूझला जायचे होते. सिंगापूरहून निघायचे, मलेशियातले पेनांग आणि थायलंडमधले फुकेत पाहायचे, पुन्हा सिंगापूरला उतरायचे आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी काहीतरी खात समुद्राकडे पाहत बसायचे, एवढीच अपेक्षा होती. समूहाबरोबर गेल्यास केबिन स्वस्त पडते आणि सिंगापूरच्या व्हिसाची कटकट एजंटाच्या गळ्यात घालता येते, म्हणून आम्ही त्या कचेरीची पायरी चढलो. जोडीदाराचा उल्लेख मी या लेखात नुसता ‘तो’ असाच करणार आहे, कारण त्याच्या कचेरीच्या समजुतीप्रमाणे तो अजूनही एकटाच राहतो आणि डबा शेजारच्या काकू देतात.

इतर जोडपी सहल ठरवताना हवामान पाहतात, फार तर डॉलरचा भाव पाहतात. आम्हाला आधी दंडसंहिता पाहावी लागते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे, इंग्रजांनी १८६० मध्ये भारतासाठी लिहिलेले कलम ३७७ आमच्यापुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले. परंतु तत्पूर्वी त्याची पिलावळ इंग्रजांच्या इतर वसाहतींत व्यवस्थित रुजलेली होती. सिंगापूरच्या संसदेने आपले ३७७ अ २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द केले आणि त्याच दमात, विवाहाच्या व्याख्येवरून कोणी न्यायालयात जाऊ नये, अशी तजवीज राज्यघटनेत करून ठेवली. मलेशियात त्या घराण्यातली कलमे आजही ठणठणीत आहेत आणि त्यांत वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास व वर फटके, अशी सोय आहे. थायलंडमध्ये मात्र जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांना रीतसर लग्न करता येते. म्हणजे एकाच तिकिटात आम्ही सिंगापुरात निरपराध, पेनांगला फटक्यांना पात्र आणि फुकेतला विवाहयोग्य ठरणार होतो. माहितीपत्रकात या तिन्ही बंदरांपुढे सारखेच हसणारे सूर्य छापलेले आहेत. “पेनांगला आपण हात खिशात ठेवून देवळं बघू,” असे तो म्हणाला, आणि यात आपण काही विशेष बोललो असे त्याला वाटलेही नाही.

यावर उपाय नाही असे नाही. सगळे जहाजच आपल्यासारख्यांसाठी भाड्याने घेतलेले असते, अशा सफरी अमेरिकेत १९८६ पासून निघत आहेत. त्याही सर्वस्वी निर्धास्त नसतात. १९९८ मध्ये सुमारे नऊशे समलिंगी प्रवासी घेऊन येणाऱ्या जहाजाला कॅरिबियन समुद्रातल्या केमन बेटांनी बंदरात येण्यास नकार दिला होता. पण आमच्या घरी हा पर्याय केमन बेटांमुळे बाद झाला नाही. त्या सफरींची छायाचित्रे पाहून तो म्हणाला की, त्या डेकवरच्या प्रत्येकाच्या पोटावर स्नायू मोजता येतात, आणि दिवसभर पोट आत ओढून हिंडण्यासाठी आपण रजा घेत नाही. आपल्याला जहाजावर वरणभात आणि अनोळखी, सुटलेल्या पोटांची माणसे हवीत. ही दोन्ही सामग्री मराठी सहलीत मुबलक मिळते, हे मला मान्य करावेच लागले.

काउंटरवरच्या तरुणीने अदबीने विचारले, “सर, ट्विन ना?”

“डबल,” मी म्हणालो.

“म्हणजे दोन सिंगल बेड.”

“म्हणजे एक मोठा बेड.”

तिचे हात की-बोर्डवरच थांबले. “सर, दोन जेंट्स असले की आमची सिस्टिम बॅचलरमध्ये टाकते. बॅचलरना फॅमिली डेकवर केबिन देत नाही, आणि डिपॉझिट वेगळं पडतं.” आम्हा दोघांच्या कानशिलांवरचे पांढरे केस पाहता आम्ही रात्री डेकवर बाटल्या फोडू, अशी भीती कोणत्याही यंत्राला वाटू नये, पण यंत्राला केस दिसत नाहीत. तेव्हा तो, जो एरवी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरूनही वाद घालत नाही, शांतपणे म्हणाला, “आम्ही बॅचलर नाही. आम्ही जोडपं आहोत.”

शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, “एक मिनिट.”

हे काका पांढऱ्या बुशशर्टात होते, खिशाला दोन पेने होती आणि मांडीवरच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पासपोर्टच्या इतक्या झेरॉक्स प्रती होत्या की त्यांच्या नावाने एखादे छोटे गाव युरोपला जाऊन आले असते. बाजूला काकू पाण्याची बाटली धरून, असे प्रसंग पुष्कळ पाहिल्याच्या मुद्रेने बसल्या होत्या. संस्कृती, समाज आणि म्हाताऱ्या आईवडिलांना काय वाटेल, या तिन्ही विषयांवरची माझी उत्तरे वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार असतात; मी घसाही खाकरला. पण काकांना संस्कृतीत काडीचाही रस नव्हता.

“तुम्ही काय आहात, हा मुद्दाच नाही,” ते म्हणाले. “मुद्दा फॉर्मचा आहे. मी चौतीस वर्षं सहकारी बँकेत कर्जखात्यात काढली. जामीनदार अर्जदाराचा कोण, या रकान्यात खरं लिहिणारा माणूस मी एकही पाहिला नाही. नातं घरात असतं हो, कागदावर फक्त रकाना असतो. मॅडम, जरा तो स्क्रीन इकडे वळवा.”

आणि तिने तो वळवला! ज्या यंत्राच्या आज्ञेपुढे ती आमच्याशी बोलताना हतबल होती, ते यंत्र एका उपऱ्या ग्राहकाच्या एका हुकमाने पडद्यासकट आमच्या बाजूला फिरले. यादीत पती-पत्नी, आईवडील, अपत्य, भाऊ-बहीण, कझिन आणि मित्र, एवढेच पर्याय होते. काकांनी एकेक पर्याय थकलेल्या कर्जाचे प्रकरण असल्यासारखा निकालात काढला. मित्र लिहिले की बॅचलर, बाद. सख्खे भाऊ म्हणावे तर आडनावे वेगळी. चुलतभावांनाही आडनावच आडवे येणार.

“मामेभाऊ होता येईल,” काका म्हणाले, “पण मी तो सल्ला देणार नाही. कारण काय? आते-मामे भावंडांची आपल्यात लग्नं होतात. उगाच शंकेला जागा कशाला ठेवा? मावसभाऊ! आडनाव वेगळं, आजोळ एक, आणि सगळ्यात स्वच्छ नातं. कोणी बोट ठेवू शकणार नाही.”

यादीत नुसते ‘कझिन’ एवढेच होते. मावशी आणि मामा यांतला फरक सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. तरीही काकांनी शेऱ्याच्या चौकटीत ‘मॅटर्नल’ असे घालून घेतले, नाहीतर पुढे घोटाळा होतो म्हणून. नात्यांच्या इतक्या भरलेल्या कोठारातून त्यांनी आमच्यासाठी नेमके तेच नाते काढले, ज्यात लग्नाचा विचार करणेसुद्धा आपल्याकडे पाप समजले जाते, आणि ते काढताना त्यांच्या चेहऱ्यावर उपकाराचे जे शांत तेज होते, ते मला अजून रात्री झोपू देत नाही. ते दुष्ट असते तर बरे झाले असते. दुष्ट माणसाशी भांडता येते, त्याची गोष्ट मित्रांना सांगून टाळ्या मिळवता येतात. आमच्या सवलतीसाठी स्वतःचा नंबर सोडून झटणाऱ्या माणसाचे काय करावे?

काकू तेवढ्यात प्रथमच बोलल्या. “अहो, त्यांना एक पलंग हवाय ना, मग द्या की एक पलंग. आपल्याला कुठं झोपायचंय तिथं?” त्या कचेरीत शनिवारी उच्चारले गेलेले ते एकमेव शहाणपणाचे वाक्य होते. काकांनी ते “तुला त्यातलं कळत नाही” या शेऱ्यासह फेटाळले. “मावसभावांना ट्विनच,” त्यांनी तरुणीला बजावले, “नाहीतर कागद जुळणार नाहीत.”

व्हिसाचे फॉर्म छापले जात असताना त्यांनी आम्हाला कुठल्याशा जुन्या सफरीची दैनिक कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली, कारण ते एकदा अलास्का करून आले होते आणि त्यामुळे सर्व समुद्रांचे जाणकार होते. योगासने, बिंगो, टॉवेलच्या घड्यांपासून हत्ती बनवण्याचा वर्ग, अशी यादी वाचता वाचता ते एका ओळीवर थांबले. “हे बघा, ‘फ्रेंड्स ऑफ डोरोथी’. संध्याकाळी पाच वाजता, वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये. कोणी डोरोथी म्हणून बाई असणार, त्यांच्या मित्रमंडळींचा मेळावा दिसतोय. तुम्ही दोघंच आहात, जा की तिथं, चार ओळखी होतील.” जहाजांवरच्या समलिंगी प्रवाशांच्या बैठकीला पूर्वापार हेच सांकेतिक नाव असते, आणि काकांनी दिवसभरात दिलेला हा एकच सल्ला अचूक होता. अमेरिकेच्या नौदलाच्या तपास खात्यानेही १९८० च्या दशकात शिकागोच्या परिसरात या डोरोथीबाईंचा कसून शोध घेतला होता, त्यामुळे काका एकटे पडले असेही म्हणता येत नाही. तोंड फिरवून हसू दाबणाऱ्या त्याच्याकडे मी पाहिले. पण त्याला भूक लागली होती, आणि भूक लागली की तो तत्त्वे सोडतो. “लिहा मावसभाऊ,” तो म्हणाला, आणि सही करून मोकळा झाला.

रिक्षात आमचे भांडण झाले. त्याचे म्हणणे असे की, त्याची मालवणची आजी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीत बसायची, तेव्हा डेकवर सतरंज्या टाकून शेकडो माणसे शेजारी शेजारी झोपत आणि कोण कोणाचा लागतो हे कोणी विचारत नसे. आपणही कागदावर काय आहे ते विसरावे. आजीच्या बोटीत विम्याचा फॉर्म नव्हता, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले. या फॉर्मवर वारस म्हणून ‘कझिन’ लिहिला गेला आहे, आणि मला भर समुद्रात काही झाले तर जहाजावरचा डॉक्टर निर्णय घेण्यासाठी माझ्या माणसाला शोधेल तेव्हा त्याला, मॅटर्नल की पॅटर्नल या तपशिलासह, एक दूरचा नातेवाईक सापडेल.

माझा राग काकांपेक्षा याच गोष्टीचा अधिक आहे, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आमच्या लग्नाचा प्रश्न संसदेवर सोपवला. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने, आमच्यासारख्यांना संयुक्त बँक खाते काढण्यास व जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे स्पष्ट केले, आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले समजावे, असे राज्यांना कळवले. तांदूळ घेताना आम्ही कुटुंब आहोत, बँकेत संयुक्त खातेदार आहोत, आणि समुद्राला लागलो की मावसभाऊ. दुसरीकडे, माल्टाने २०१७ मध्ये समलिंगी विवाह मान्य केल्यामुळे त्या देशाचा झेंडा लावणाऱ्या ‘सेलिब्रिटी इक्विनॉक्स’ या जहाजावर जानेवारी २०१८ मध्ये कप्तानाने दोन पुरुषांचे कायदेशीर लग्न लावले. म्हणजे नाते बदलते ते माणसांमुळे नव्हे. ते डोलकाठीवर कोणत्या देशाचे कापड फडकते आहे आणि काउंटरच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले आहे, यावर ठरते.

काउंटरवरच्या तरुणीने दुसऱ्या दिवशी स्वतःहून फोन केला. आवाज खाली आणून ती म्हणाली की, जहाजावर दोन्ही पलंग जोडता येतात, केबिनवाल्याला सांगितले की तो पाच मिनिटांत जोडून देतो, “पण सर, लेखी नका मागू.” मला ती मुलगी आवडली, आणि लेखी न मागण्याचा कंटाळाही आला.

तेवढ्यावर सगळे निभावले असते. पण काकांना युरोपच्या व्हिसाची तारीख मिळाली नाही, आणि त्यांनी आमचीच क्रूझ घेतली. सहलीच्या व्हॉट्सॲप समूहात दाखल होताच त्यांनी गणपतीच्या चित्राखाली सर्वांना आमची ओळख करून दिली: “हे दोघे सख्खे मावसभाऊ, एकमेकांना फार धरून आहेत, हल्ली असे पाहायला मिळत नाही.” त्यावर अठ्ठावीस जणांनी हात जोडले. एका बाईंनी, दोघेही अजून अविवाहित कसे, असे विचारून आपल्या नणंदेच्या मुलीची माहिती पाठवली आहे. आजोळ कुठले, या प्रश्नाला काकांनी आम्हाला न विचारता परस्पर “चिपळूण” असे उत्तर देऊन टाकले, आणि समूहातल्या एका आजींचे माहेर नेमके चिपळूणच निघाले. कोणत्या आळीतले, असे त्या सकाळपासून विचारत आहेत. तो म्हणतो, काकांनाच विचार.